नगरपंचायत आणि शेजारच्या ग्रामपंचायतींची एकत्र पाणीपुरवठा योजना : करार नेमका कसा असावा?

प्रश्न – मांजराकाठ

सर्वांना नमस्कार. मी मांजरा धरणाच्या परिसरातील एका नगरपंचायतीत सदस्य आहे. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या काळातली जुनी योजना चालू असून ओढ्याकाठची एक विहीर आणि दोन विंधन विहिरी हाच तिचा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, आहे. फेब्रुवारी लागला की विहीर तळ गाठते आणि आठ-आठ दिवसांआड पाणी सोडावे लागते. शेजारच्या ग्रामपंचायतींची स्थिती याहून वेगळी नाही. जलजीवन मिशनमधून तिथे घरोघरी नळ पोचले, टाक्या उभ्या राहिल्या, पण उद्भव भूजलाचाच राहिल्यामुळे उन्हाळ्यात नळ कोरडे आणि टँकर सुरू, हे चित्र बदललेले नाही.

नगरपंचायतीने आता धरणातून स्वतःची जलवाहिनी टाकण्याचा प्रस्ताव तयार केला आहे. ती ज्या रस्त्याने येणार, त्याच रस्त्याला लागून अकरा ग्रामपंचायती आहेत. माझे म्हणणे असे की जॅकवेल (धरणातून पाणी उचलण्याची विहीर) एक असावी, जलशुद्धीकरण केंद्र एक असावे, मुख्य वाहिनी एक असावी आणि तिथून पुढे ज्याने त्याने आपापले वितरण पाहावे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. त्या वर्षी मांजरा धरण आटले होते आणि लातूरबरोबरच अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब आणि लातूरची औद्योगिक वसाहत हे सगळे त्याच धरणावर अवलंबून होते. प्रत्येकाचा पंप वेगळा, वाहिनी वेगळी, हिशेब वेगळा, आणि धरण मात्र सर्वांचे एकच. आमची योजना त्यात आणखी एका वेगळ्या पंपाची भर घालणारी होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

अडचण अशी की कोणाचाच कोणावर विश्वास नाही. गावे म्हणतात, टंचाईत शहर आमचा व्हॉल्व्ह बंद करील. आमचे सदस्य म्हणतात, गावे पाणीपट्टी भरणार नाहीत आणि वीजबिल आपल्या गळ्यात पडेल. दोन्ही बाजूंची भीती मला निराधार वाटत नाही. म्हणून विचारतो : अशा योजनेची मालकी कोणाकडे असावी, खर्च कोणत्या हिशेबाने वाटावा, आणि पाणी कमी पडेल तेव्हा कोणाला किती द्यायचे हे आधीच कसे ठरवावे? ज्यांनी अशा योजना चालवल्या आहेत किंवा ज्यांची गावे अशा योजनांवर आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – जुना अभियंता

आपण हा प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण सविस्तर प्रकल्प अहवालाला तांत्रिक मान्यता मिळाली की नंतर यातले फारसे काही बदलता येत नाही. माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात झाली आणि त्यावरून सांगतो की प्रादेशिक योजना नळ फुटल्याने किंवा पंप जळाल्याने कायमची बंद पडत नाही. पंप दुरुस्त होतो, नळ जोडला जातो. ती बंद पडते ती वीजबिल थकल्यामुळे, आणि वीजबिल थकते ते शेवटच्या टोकाच्या गावांना पाणी मिळत नसल्यामुळे. ज्यांना पाणी मिळत नाही ते पैसे देत नाहीत, पैसे आले नाहीत की पंपाचे तास कमी होतात, आणि तास कमी झाले की टोकाची आणखी दोन गावे कोरडी राहतात. आपला करार हे चक्र सुरूच होऊ न देणारा असला पाहिजे. बाकी कलमे त्यानंतर.

प्रथम विजेचा हिशेब सांगतो, कारण बैठकांमध्ये तो कोणीच मांडत नाही. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायचे, तर पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता बरी असतानाही साधारण चारशे युनिट वीज लागते. वाहिनीतील घर्षणाची वीज वेगळीच. दोन हजार लोकवस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरप्रमाणे दिवसाला १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. म्हणजे प्रत्येक गावाच्या वाट्याची वीज किती, हे त्या गावाच्या टाकीची उंची आणि धरणापासूनचे अंतर पाहून कागदावर काढता येते. तरीही सर्व गावांना एकच दर लावावा, असे माझे ठाम मत आहे. उंचावरच्या गावाने जास्त द्यावे हे गणिताने बरोबर ठरेल, पण ज्या दिवशी आपण तसे कराल त्या दिवशी ते गाव योजनेतून बाहेर पडायला लागेल.

दर दोन भागांत ठेवा. एक भाग स्थिर आकाराचा : कर्मचाऱ्यांचे पगार, दुरुस्ती, विजेचा मागणी आकार (वापर कितीही असो, मंजूर भारावर लागणारा) आणि राखीव निधी, जो पाणी घेतले काय किंवा न घेतले काय, प्रत्येक सदस्य संस्थेने भरायचाच. दुसरा भाग प्रत्यक्ष घेतलेल्या पाण्याचा, मीटरप्रमाणे. मीटर घरोघरी बसवण्याचा हट्ट आज धरू नका. तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या टाकीच्या तोंडाशी बसवा, आणि मीटरशेजारी ठरलेल्या प्रवाहापेक्षा जास्त पाणी आत जाऊ न देणारा नियंत्रण व्हॉल्व्हही बसवा. गावाच्या हद्दीपर्यंतची जबाबदारी संयुक्त संस्थेची, हद्दीच्या आतली ग्रामपंचायतीची. ही रेघ जिथे धूसर राहिली तिथे गळती कोणाची यावरून वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालतो आणि पाणी मात्र वाहून जाते.

मानकांच्या बाबतीत आपल्याला एक खरी अडचण येणार आहे. जलजीवन मिशनचा निकष दरडोई ५५ लिटरचा आहे, तर भुयारी गटार नसलेल्या शहराचा ७० लिटरचा आणि भुयारी गटार असलेल्या शहराचा १३५ लिटरचा. म्हणजे एकाच वाहिनीवर एका बाजूला ५५ आणि दुसऱ्या बाजूला ७० किंवा १३५, आणि गावांचा संशय इथूनच सुरू होतो. माझा आग्रह असा की मुख्य वाहिनी, जॅकवेल आणि शुद्धीकरण केंद्र आखताना सर्वांसाठी एकच दरडोई प्रमाण धरावे. निधी दोन विभागांकडून येईल, गावांचा पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडून आणि नगरपंचायतीचा नगरविकास विभागाकडून, आणि दोघांचे निकष वेगळे असल्यामुळे वरच्या फरकाची रक्कम कोणी भरायची हे आधी लिहून घ्यावे लागेल. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचे कच्च्या पाण्याचे दरही ग्रामपंचायतीला वेगळे आणि नगरपालिकेला वेगळे असतात. म्हणून एका जॅकवेलमधून उचललेल्या पाण्याची विभागणी पहिल्या दिवसापासून मीटरने सिद्ध करता आली पाहिजे, नाहीतर सगळ्या पाण्याला शहराच्या दराने आकारणी होण्याचा धोका आहे.

आता टोकाच्या गावांबद्दल. आराखडा करताना शेवटच्या गावापासून सुरुवात करा आणि मागे धरणाकडे या. मुख्य संतुलन टाकीतून (जिथे पाणी साठवून पुढे शाखांत सोडले जाते) टोकाच्या गावांची शाखा स्वतंत्र काढा आणि तिच्यावर वाटेत एकही जोडणी देऊ नका. दररोज पंप सुरू झाल्यावर सर्वांत आधी टोकाच्या टाक्या भरायच्या आणि मग जवळच्या, हा क्रम करारात लिहा व पंपगृहाच्या भिंतीवर रंगवून ठेवा. व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी संयुक्त संस्थेच्या पगारावर असावा. तो एखाद्या गावाचा किंवा नगरपंचायतीचा असेल, तर रात्री अकरा वाजता येणाऱ्या फोनला नाही म्हणण्याची ताकद त्याच्यात राहत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मालकीबाबत म्हणाल तर आपल्याकडे शिखर समितीची पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक गावाच्या पाणीपुरवठा समितीचे प्रतिनिधी बसतात. नाशिक जिल्ह्यातील येवल्याची ३८ गावांची योजना अशाच समितीमार्फत चालते आणि तिचे नाव आजही चांगल्या योजनांमध्ये घेतले जाते. ती एकदा जाऊन पाहाच, आणि जाताना अभियंत्यांपेक्षा सरपंचांना आणि पाणीपट्टी गोळा करणाऱ्यांना बरोबर न्या.

उत्तर २ – खारपाणपट्टा

मी अकोला जिल्ह्यातील एका गावाची माजी सरपंच आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आमच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतले पाणी खारे असते. विहीर खोल केली तर पाणी जास्त लागेल, पण ते पिण्याजोगे लागेल याची खात्री नाही. त्यामुळे एकट्या गावाने स्वतःचा उद्भव शोधावा हा पर्याय आमच्यापुढे कधी नव्हताच. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाण धरणावरून अकोट आणि तेल्हारा तालुक्यांसाठी ८४ खेडी योजना झाली ती याच गरजेपोटी, आणि तिच्यात कितीही उणिवा असल्या तरी आमच्या भागातली माणसे गोडे पाणी पिऊ शकली ती अशा योजनांमुळे, हे मी कृतज्ञतेने नमूद करते.

अभियंता साहेबांनी टोकाच्या गावांबद्दल लिहिले ते अक्षरशः खरे आहे. आमचे गाव शाखेच्या शेवटी होते. उन्हाळ्यात वाहिनीवरचे एअर व्हॉल्व्ह (नळातली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) शेताच्या बांधावर उघडलेले दिसत. त्यांतून गुरांसाठी हौद भरले जात, कुठे फवारणीच्या टाक्या भरल्या जात, आणि आमच्या टाकीत मध्यरात्रीनंतर बोटभर धारेने पाणी पडे. तक्रार केली की वरची गावे म्हणत, जनावरांना पाणी नको का? तो प्रश्न खोटा नव्हता. म्हणून आपल्या योजनेत जनावरांच्या पाण्याचा हिशेब माणसांच्या पाण्याबरोबरच मांडा. दरडोई ५५ लिटरमध्ये गोठा धरलेला नसतो, आणि जे कागदावर धरलेले नसते ते वाहिनी फोडून घेतले जाते.

दुसरी गोष्ट, जुने उद्भव मोडीत काढू नका. नवी योजना आली की विहिरीवरची मोटर काढून नेली जाते, पाणीपट्टीतून तिची दुरुस्ती होत नाही, आणि दोन पावसाळ्यांत विहिरीत झाडे उगवतात. मग प्रादेशिक योजना चार दिवस बंद पडली की गावाकडे काहीच उरत नाही. आपल्याकडचे भूजल खारे नाही, हे आपले भाग्य समजा. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपली विहीर चालू स्थितीत ठेवावी, तिचे पाणी धुण्या-भांड्याला आणि गुरांना वापरावे, आणि धरणाचे पाणी पिण्या-स्वयंपाकाला, अशी अट करारातच घालावी असे मी सुचवते. त्यामुळे पंपाचे तासही वाचतील.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. पाणी वाटून घेणाऱ्या संस्थांनी आपापसांत करार केला तरी धरणाच्या पाण्यावर शेतकऱ्यांचाही हक्क असतो आणि त्यांना बैठकीला कोणी बोलावत नाही. वाण धरणातून बाळापूर भागातील ६९ गावांच्या योजनेसाठी पाणी आरक्षित झाले तेव्हा तेल्हाऱ्याचे शेतकरी विरोधात उभे राहिले आणि शासनाला त्या कामास स्थगिती द्यावी लागली. तेल्हाऱ्याचा शेतकरी काही तहानलेल्या गावांचा वैरी नव्हता. सिंचनाचे पाणी किती कमी होणार आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार, हे त्याला कोणी समोर बसवून सांगितले नव्हते. बाळापूरकडची गावे खारे पाणी पीत राहिली आणि तेल्हाऱ्याचा शेतकरी चिंतेत राहिला. आपल्या धरणाखाली उसाचे क्षेत्र मोठे आहे, तेव्हा धरणाच्या पाण्याचे वाटप ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीत हा विषय प्रस्ताव पाठवण्याआधीच न्या.

पाणीपट्टीविषयी एवढेच लिहिते की गावातल्या बायका पाण्याचे पैसे देत नाहीत हा समज चुकीचा आहे. टँकरच्या रांगेत तिचा अर्धा दिवस जातो, त्याची किंमत तिला कोणी समजावून सांगावी लागत नाही. ग्रामसभेआधी महिला सभेत दर मांडा, जमाखर्च वाचून दाखवा, आणि पाणी कोणत्या वेळी येणार ते सांगून ती वेळ पाळा. पैसे येतात.

उत्तर ३ – शहापूर तालुका

मराठवाड्याबाहेरचे एक उदाहरण देतो, कारण मालकीच्या प्रश्नाला त्यातून एक वेगळे उत्तर मिळते. ठाणे जिल्ह्यात शहाड येथे उल्हास नदीतून पाणी उचलून ते टेमघर येथे शुद्ध करणारी जी यंत्रणा आहे, तिला स्टेम म्हणतात. ती पुढे स्वतंत्र कंपनी झाली आणि तिची मालकी ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मिरा-भाईंदर या तीन महानगरपालिका व ठाणे जिल्हा परिषद यांच्याकडे मिळून आहे. कंपनी ठोक पाणी विकते, संस्था ते विकत घेऊन आपापल्या हद्दीत वाटतात. यात मला दिसणारा मोठा लाभ असा की पाण्याचा जमाखर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात मिसळून जात नाही. मर्यादाही आहे. दुरुस्तीसाठी केंद्र बंद ठेवले की तिन्ही शहरांत एकाच दिवशी नळ कोरडे पडतात, म्हणून शुद्ध पाण्याची साठवण प्रत्येकाने आपल्याकडे पुरेशी ठेवणे आवश्यक ठरते. आपल्या बारा संस्थांना कंपनी कदाचित जड होईल, परंतु स्वतंत्र बँक खाते, स्वतंत्र लेखापरीक्षण आणि स्वतंत्र कर्मचारी या तीन गोष्टी शिखर समितीतही आणता येतात.

उल्हास नदीवर आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी साठा १५ जुलैपर्यंत पुरवायचा असा हिशेब करून नदीतून पाणी उचलणाऱ्या सर्व संस्थांवर कपात लावली जाते आणि ती हिवाळ्यापासूनच सुरू होते. एप्रिलमध्ये एकदम निम्मे पाणी बंद करण्यापेक्षा डिसेंबरपासून आठवड्यातला एक दिवस बंद ठेवणे लोकांना सहन होते.

आता माझ्या तालुक्याविषयी. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, पुढे भातसा झाले, आणि मुंबईचे पाणी आमच्या शिवारातून जाडजूड नळांतून आजही जाते. त्याच तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतात. ती धरणे बांधली तेव्हा काठच्या गावांना भागीदार म्हणून कोणी धरले नाही. त्यांची गणना बाधितांमध्ये झाली. आपल्या जॅकवेलच्या जवळची, धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ती गावे या अकरांमध्ये आहेत का? नसतील तर त्यांना आधी घ्या. आपल्या दारावरून दुसऱ्याचे पाणी जाताना पाहणे ही काय गोष्ट असते, ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगत आहोत.

मांजराकाठ

तिघांचेही मनापासून आभार. शहापूरच्या मित्रांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे की धरणाकाठची दोन गावे सध्याच्या यादीत नाहीत. त्यांचा समावेश करावा असे पत्र मी या आठवड्यात देत आहे. ताईंनी सुचवलेली जुन्या विहिरींची अट आमच्याकडे सर्वांना पटेल असे वाटते.

दोन शंका उरतात. अकरांपैकी तीन ग्रामपंचायती आज सामील व्हायला तयार नाहीत, कारण त्यांच्या जलजीवनच्या टाक्या नुकत्याच झाल्या आहेत. त्यांच्यासाठी थांबावे का? आणि शिखर समितीत मतदान कसे असावे? लोकसंख्येप्रमाणे मते दिली तर नगरपंचायत एकटीच सर्वांना पुरून उरेल. प्रत्येकी एक मत दिले तर आमचे सदस्य मान्य करणार नाहीत.

जुना अभियंता

थांबू नका. जलवाहिन्या तीस वर्षांच्या आणि पंप पंधरा वर्षांच्या मागणीसाठी आखण्याची पद्धत आहे. त्यामुळे त्या तीन गावांची मागणी मुख्य वाहिनीच्या व्यासात आजच धरा, त्यांच्या फाट्यांवर जोडणीसाठी टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह बसवून ठेवा, आणि पंपाची क्षमता नंतर वाढवा. त्यांची शाखा त्यांच्या खर्चाने होईल आणि मुख्य कामातला त्यांचा हिस्सा ती गावे सामील होताना भरतील, एवढे करारात लिहा. व्याज लावू नका. आज नकार दिलेल्या गावाला उद्या यावेसे वाटले पाहिजे.

मतदानासाठी विषयांची विभागणी करा. अंदाजपत्रक, दर आणि दुरुस्तीचा खर्च यांवर पाण्याच्या हिश्श्याप्रमाणे मते असावीत, कारण पैसा तसाच जाणार आहे. परंतु टंचाईतील वाटपाचा नियम, टाक्या भरण्याचा क्रम आणि करारातील दुरुस्ती यांसाठी प्रत्येक संस्थेला एकच मत असावे आणि तीन चतुर्थांश संस्थांची संमती लागावी. वाटपाचा नियमही साधा ठेवा : साठा कमी झाला की शहर असो वा गाव, सर्वांची कपात सारख्याच टक्क्यांनी, आणि दरडोई ४० लिटरच्या खाली कोणालाही जाऊ द्यायचे नाही.

राहिला प्रश्न हा करार कोणापुढे न्यायचा याचा. पंचायती आणि नगरपालिका यांच्यातील पाण्याचे वाटप हा जिल्हा नियोजन समितीने आराखड्यात विचारात घ्यायचा विषय आहे, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ यघ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात त्या समितीत रस्ते आणि इमारतींचीच चर्चा जास्त होते, म्हणून आपण अनुच्छेदाचा उल्लेख करूनच विषय द्या. मांजरा धरण बीड, धाराशिव आणि लातूर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, तेव्हा एका जिल्ह्याच्या ठरावावर विसंबू नका. तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना आणि विभागीय आयुक्तांना प्रत द्या. धरणातील १५ ऑक्टोबरचा साठा पाहून पिण्याच्या पाण्याचे आरक्षण ठरते. बारा स्वतंत्र अर्जांऐवजी सर्व संस्थांच्या ठरावांसह एकच मागणी त्याआधी जाईल, असे वेळापत्रक ठेवा. म्हणजे नगरपंचायतीचा आणि ग्रामपंचायतींचा ठराव ऑगस्टअखेर हातात हवा.